निळा जरा जास्त झालाय

चित्रकलेच्या शिक्षिकेला शाळेत सगळं करायला सांगतात. स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, सव्वीस जानेवारीची रांगोळी, प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरात नावं. चित्र काढायला मात्र कुणी सांगत नाही. माझी तीस वर्षं अशीच गेली होती. त्यामुळे निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मुख्याध्यापिका बाई मला नव्या इमारतीत घेऊन गेल्या आणि जिन्यासमोरची कोरी भिंत दाखवू लागल्या, तेव्हा मला वाटलं, सुविचार लिहायचा असणार.

"विज्ञानावर काहीतरी करा," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळा इथेच आहेत ना. पण छोटं नको. पूर्ण भिंत घ्या."

भिंत दोन मजले उंच होती. लांबी मी पावलांनी मोजली, सोळा पावलं भरली. खात्री करायला पुन्हा एकदा मोजली. घरी जाताना बसमध्येच ठरवलं की प्रकाश काढायचा. शास्त्रज्ञांचे चेहरे नाहीत, रॉकेट नाही, चंचुपात्रं नाहीत. डाव्या कोपऱ्यात वर सूर्य, तिथून निघालेला एकच पांढरा किरण, मधोमध काचेचा लोलक आणि त्यातून उजवीकडे खाली पसरत जाणारा सात रंगांचा पंखा. त्या रंगांच्या वाटेत जे जे येईल ते त्या रंगात उजळलेलं. द्राक्षाचं पान, कांद्याची साल, गोदावरीचं पाणी, आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात माणसाचा एक मोठा डोळा.

विज्ञान मला दहावीपुरतंच आलेलं. म्हणून विज्ञानाच्या सरांकडे गेले. सर मूळचे नामपूरचे, पंचवीस वर्षं नाशिकमध्ये असूनही उत्साहात आले की त्यांच्या तोंडून अहिराणी निसटते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. त्यांनी कच्चं चित्र पाहिलं आणि पहिल्याच मिनिटाला चूक काढली. मी जांभळा वर काढला होता आणि तांबडा खाली.

"लोलकाचा पाया खाली असेल तर तांबडा वर राहतो, मॅडम. तो सगळ्यात कमी वाकतो. जांभळा सगळ्यात जास्त, म्हणून तो तळाला. तानापिहिनिपाजा, वरून खाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. खिडक्यांना काळे कागद लावले होते, एका कागदाला ब्लेडने चीर पाडली होती. त्यातून आलेला उन्हाचा धागा त्यांनी प्रिझमवर घेतला आणि समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पट्टा उमटला. पुस्तकात हजार वेळा पाहिलेला, पण खरा कधीच न पाहिलेला. कडा कुठेच नाहीत, एक रंग दुसऱ्यात कधी गेला ते कळत नाही. मी वही काढून प्रत्येक रंगाची रुंदी मोजायला लागले. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा.

"पुढे संपला," मी म्हटलं.

"संपला कसा? हा काय पारवा, आणि हा जांभळा. बोटभर आहे की चांगला." त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

त्यांच्या बोटाजवळ मला काळपट सावलीखेरीज काही दिसत नव्हतं. सर मला परीक्षेला बसवल्यासारखं करताहेत, असं वाटलं. विज्ञानाच्या लोकांना ती सवय असते. मी "हो, हो" म्हणाले आणि वहीत जांभळ्यासाठी बोटभर जागा सोडली. हे मी आज लिहिते आहे तेव्हाही मला स्वतःचा राग येतो. दिसत नाही, एवढं एक वाक्य बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झालं. संस्थेने बांबूची परांची बांधून दिली, भिंतीला पुट्टी आणि प्रायमर मारून मिळाला. सुट्टी संपल्यावर मी रोज शेवटचे दोन तास वर चढायचे. छप्पन्नाव्या वर्षी साडीचा काष्टा मारून बांबूवर चढणारी बाई बघायला पोरं जिन्यात थांबायची. पण मी इतकी आनंदात पूर्वी कधी नव्हते.

पहिले दोन महिने पांढऱ्या किरणाने खाल्ले. प्रकाश पांढरा असतो, पण भिंतीवर पांढरा रंग लावला की तो चुना दिसतो. सगळे रंग एकत्र आले की प्रकाशाचा पांढरा होतो आणि डब्यातले सगळे रंग एकत्र आले की चिखल होतो, ही गोष्ट मी मुलांना कितीदा शिकवली होती, पण तिचा त्रास आता कळला. शेवटी किरण तसाच ठेवला आणि त्याच्या आजूबाजूची भिंत थरावर थर देऊन काळोखी करत नेली. एका दुपारी खाली उतरून पाहिलं तर किरण पेटला होता. सर खालून ओरडले, "आते जमनं!" तेवढा एक दिवस सगळं मनासारखं झालं.

मग खालच्या रंगांकडे वळले आणि जांभळ्याने माझा छळ मांडला. दुकानातून आणलेला जांभळा लावला तर भिंतीवर तो कोकमासारखा मळका दिसे. निळा घातला, तरी मळका. मेन रोडवरच्या दुकानदाराकडून जास्त महागाच्या ट्यूब मागवल्या, त्याही तशाच. मला वाटलं, पुट्टी रंग पिते आहे. मग वाटलं, जिन्यातला उजेड खराब आहे. मी पट्टा पुन्हा पुन्हा गडद, निळसर, तेजस्वी करत गेले, आणि जांभळा हवा तसा व्हायला लागला की शेजारचा निळा फिका वाटे, मग त्यालाही वर चढवावं लागे. नदीचं पाणी निळ्याच्या वाटेत होतं, तेही बदललं.

एका दिवशी संस्थेच्या कार्यकारिणीतले एक गृहस्थ काम पाहायला आले. पांढरा शर्ट, हातात मोबाइल, बरोबर मुख्याध्यापिका बाई. बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर ते म्हणाले, "सुंदर. पण निळा जरा जास्त झालाय, नाही का?" आणि मग बाईंकडे वळून हसत, "आमच्या मॅडमना निळा आवडणारच म्हणा."

बाई हसल्या नाहीत; त्यांनी बोलणं प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर नेलं.

आमच्या कॉलनीत निळा कुठे कुठे असतो ते नाशिकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. कमानीला, विहाराच्या कठड्याला, एप्रिलमधल्या पताकांना. तीस वर्षांत माझ्या आडनावावरून, आमच्या सणांवरून अशी कितीतरी वाक्यं मी ऐकली आहेत. सगळी अशीच हसत टाकलेली. धरायला गेलं तर समोरचा म्हणतो, अहो, मी तर कौतुक केलं. मी परांचीवरून एवढंच म्हटलं, "स्पेक्ट्रममध्ये निळा असतो, सर." आणि ते गेल्यावर त्यांच्या नाकावर टिच्चून निळ्याचा आणखी एक हात दिला.

त्यानंतर निळ्याबद्दल कुणीही काहीही बोललं की मला तेच ऐकू येऊ लागलं. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, रंग डोळ्यांत घुसतो. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, इतकं झगझगीत नको होतं. मी सगळ्यांना एकाच माळेत ओवलं. आणि मग विज्ञानाचे सर आले. वर बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण हा जांभळा भलता भडक शे. आपण पाहिला तो इतका नव्हता. शेवटी शेवटी तो विझत जातो, आठवतं ना?"

"सर, तुम्हीसुद्धा?"

"मी काय केलं?"

"तुम्हाला पण निळा खुपायला लागला."

त्यांना काही समजलंच नाही. मी ब्रश डब्यात टाकला, उतरले आणि त्यांच्या अंगावरून निघून गेले. नंतर दीड महिना शेजारच्या टेबलांवर बसून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यांनी दोनदा चहा पुढे केला. मी वह्या तपासत राहिले.

घरीही माझी चिडचिड चालूच होती. स्वयंपाकघरातली ट्यूब पिवळी पडली म्हणून मी यांच्यामागे लागले. त्यांनी बदलली. ती पण पिवळी. पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा ते स्टुलावर उभे राहून म्हणाले, "अगं, याच्यापेक्षा पांढरी ट्यूब पृथ्वीवर मिळत नाही. तुझे डोळे तपासून घे एकदा."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? मी एवढी मोठी भिंत रंगवतेय."

"तेच म्हणतोय."

ते एवढंच म्हणाले आणि ट्यूब बसवून खाली उतरले. मी तरी लगेच गेले नाही. चित्र पूर्ण झालं, परांची उतरवली गेली, उद्घाटनाची तारीख छापून आली. त्या धावपळीनंतर गुणपत्रकांवरचे आकडे पुसट दिसतात म्हणून मी गेले, तेही चष्म्याचा नंबर वाढला असेल अशा समजुतीने. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मावशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यात जास्त पिकलाय."

"पण मला तर नीट दिसतं."

"हळूहळू होतं ना, म्हणून कळत नाही. आतलं भिंग पिवळं पडत जातं. पिवळ्या काचेतून जग बघितल्यासारखं. निळा, जांभळा हे रंग आधी कमी होतात."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "किती दिवसांपासून?"

"दिवस नाही, वर्षं. चार-पाच तरी असतील. तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे बापरे." डॉक्टरच्या तोंडून तो शब्द ऐकायला बरं वाटत नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सगळ्यात आधी नर्सचा कोट दिसला. असा पांढरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घरी येऊन कपाट उघडलं. जी साडी मी काळी म्हणून नेसत होते ती गर्द निळी होती. मी एकदा उजवा डोळा झाकायचे, एकदा डावा. डाव्याने पाहिलं की सगळं घर चहात बुडवल्यासारखं. हे दारात उभे राहून बघत होते आणि हसत होते. मला हसू आलं नाही. मला भिंत आठवत होती.

उद्घाटनाला चार दिवस होते. रजेवर असतानाही मी रिक्षा करून शाळेत गेले. पहिल्या तासाची घंटा झाली होती, जिना मोकळा होता. आधी उजवा डोळा हाताने झाकला. चित्र तसंच होतं, जसं मी चार महिने घासून घासून केलं होतं. रंग एकमेकांत विरघळलेले, जांभळा तळाशी विझत जाणारा. मग हात बदलला.

ते सहन होण्यासारखं नव्हतं. लोलकातून निघालेला निळा सगळ्या भिंतीवर ओरडत होता. जांभळा तर एखाद्या लग्नाच्या मांडवाच्या लायटिंगसारखा. हिरव्या पानाच्या कडेला निळं गोंदण. गोदावरीचं पाणी नळाच्या प्लास्टिकच्या पाइपसारखं दिसत होतं. पांढरा किरण तेवढा ठीक होता. मी पायरीवर बसले. सगळे खरं बोलत होते. क्लार्क, इंग्रजीच्या मॅडम, सर. आणि ते गृहस्थही, निदान पहिल्या अर्ध्या वाक्यापुरते. त्यांचं दुसरं अर्धं वाक्य घाण होतं, आणि त्या घाणीमुळे मला पहिलं अर्धं ऐकूच आलं नव्हतं. माझा अपमान खरा होता आणि माझी चूकही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरं असणं किती वैतागाचं असतं ते मी कुणाला सांगणार?

मी तशीच मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनमध्ये गेले. "बाई, परांची पुन्हा बांधून द्या. आठ दिवस. मला निळा उतरवायचा आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, पत्रिका वाटून झाल्या. परांचीवाला सिडकोत दुसऱ्या साइटवर गेला. आणि चित्र छान आहे. लोक फोटो काढताहेत."

"चुकीचं आहे ते."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय."

"मॅडम," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्हीच दोन महिने सगळ्यांशी भांडलात की तो बरोबर आहे."

मी रिक्षा करून घरी परतले.

उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फोडला, शाल मिळाली. त्या गृहस्थांनी भाषणात सांगितलं की, मॅडमनी आपल्या आवडीच्या रंगात जीव ओतला आहे. टाळ्या पडल्या. मी काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसले होते, ऑपरेशनमुळे. चष्म्याआड माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लोकांना कौतुकाचं वाटलं असावं.

कार्यक्रमानंतर सर पेढ्याचा बॉक्स घेऊन बाजूला उभे होते. मीच गेले. सगळं सांगितलं. मोतीबिंदू, प्रयोगशाळेतला पट्टा, "हो, हो" म्हणालेलं खोटं. त्या गृहस्थांचं वाक्यही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय माझं वागणं कळलं नसतं. सरांचा चेहरा उतरला.

"ते असं बोलले?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आणि मी. तुम्ही 'पुढे संपला' म्हणालात तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दरवर्षी दहावीला डोळा आणि भिंग शिकवतो मी. समोरच्या माणसाला जांभळा दिसत नाही, तर मी म्हणतो, बोटभर आहे की."

मला त्यांनी असं स्वतःला लावून घ्यायला नको होतं. पण थोडं हलकं वाटलं, हेही खरं.

परांची काही मिळाली नाही. मी दोन अर्ज दिले. एकावर 'पुढील आर्थिक वर्षात विचार करावा' असा शेरा आला, दुसऱ्यावर काहीच नाही. मग मे महिन्याच्या सुट्टीत शिपायाकडून शाळेची ॲल्युमिनियमची शिडी काढून घेतली. तिच्यावरून जिथवर हात पोचेल तिथवर करायचं ठरवलं. डावा डोळा अजून तसाच होता, म्हणून चष्म्याच्या डाव्या काचेवर काळा कागद चिकटवला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. पहिल्या दिवशी ब्रश तीनदा भिंतीच्या अलीकडेच फिरला. सर शिडी धरायला यायचे, नामपूरला जायचं पुढे ढकलून. रंग मी आधी पुठ्ठ्यावर लावायचे, ते प्रिझमचा पट्टा शेजारी पाडायचे, मग दोघं मिळून ठरवायचो. जांभळा किती थोडा लागतो हे पाहून मला दर वेळी लाज वाटायची.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ कुठल्याशा प्रवेशाच्या कामाला आले होते. जिन्यात थांबले, शिडीकडे पाहिलं. "अरे वा! शेवटी ऐकलंत तर आमचं. कमी करताय ना निळा?"

याच वाक्याच्या भीतीने मी दोन रात्री शिडी मागवायची की नाही याचा विचार केला होता. मी वरूनच म्हटलं, "तुमचं ऐकून नाही. मला मोतीबिंदू होता. डोळा सुधारला, म्हणून रंग सुधारतेय. आणि तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते रंगाबद्दल नव्हतं."

"म्हणजे? मी काय बोललो?"

"मॅडमना निळा आवडणारच, असं."

"अहो, ते कौतुकाने बोललो होतो!" ते म्हणाले. अगदी जसंच्या तसं. मग सरांकडे बघून हसले. सर हसले नाहीत. त्यांनी शिडी जरा जास्त घट्ट धरली आणि म्हणाले, "साहेब, कौतुक समजलं नाही आम्हाला." ते गृहस्थ घड्याळ बघत निघून गेले. त्यांना काही कळलं असेल असं मला वाटत नाही. मी मात्र त्या दिवशी काम लवकर बंद केलं.

शिडीवरून अकरा फुटांपर्यंत हात पोचला. खालचा डोळा, पाणी, पंख्याची टोकं नीट झाली. मला जसा हवा होता तसा जांभळा शेवटी शेवटी विझत गेलेला दिसायला लागला. पण अकरा फुटांच्या वर, लोलकापर्यंत, तोच जुना निळा राहिला. जिथे दोन्ही भेटतात तिथे मी खूप मिसळवामिसळव केली, तरी एक ओळ दिसतेच. प्रकाश असा मध्येच रंग बदलत नाही. सातवीतलं पोरही हे सांगेल, आणि दोघातिघांनी सांगितलंही.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रवेशासाठी हरसूलहून आलेले एक पालक आपल्या मुलीला घेऊन जिन्यात उभे होते. चित्र बघत होते. मी तिथून जात होते तर त्यांनी विचारलं, "बाई, नवीन इमारत हाय ना ही? मग खालून ओल कशी काय आली? रंग विटलाय."

"ओल नाही ती," मी म्हटलं. "खालचं बरोबर केलेलं आहे."

त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "मग वरचं?"

"वरचं राहिलंय."

"मग ते कधी करणार?"

मी त्यांना ऑफिस कुठे आहे ते दाखवलं, आणि माझ्या तासाला गेले.